गोल माझा, फुली तुझी

३ फेब्रुवारी

धाकट्या,

पत्र फाडायचंच असेल तर निदान पहिलं पान वाचून फाड. दुसऱ्या पानावर तसंही विशेष काही नसेल.

नऊ वर्षांत मी तुला तीन पत्रं लिहिली आणि तिन्ही टाकली नाहीत. तुझ्या वहिनीने ती शिवणाच्या डब्यात जपून ठेवली आहेत. हे चौथं ती स्वतः टपालात टाकणार आहे. म्हणाली, "तुमच्या हातात दिलं तर पेटीपर्यंत जाऊन परत याल." नऊ वर्षांत माणूस ओळखू यायला लागतो.

कामाचं बोलतो. आपल्या दुकानाच्या गल्लीत मोठ्या लाइनला गळती लागली आहे. सहा महिने झाले. गल्लीच्या तोंडाशी पाणी येतं ते करंगळीएवढं, शेवटच्या घरी पोचेपर्यंत दोरा होतो. पाणी जातंय कुठे ते कुणाला दिसत नाही. खाली मुरूम आहे, गिळून बसतो. पाणीखात्याचे साहेब दोनदा आपलं ऐकायचं यंत्र घेऊन आले. पण तुला गल्ली ठाऊक आहे. बर्फाच्या कारखान्याचा कॉम्प्रेसर, पिठाची गिरणी, छापखाना, लाँड्रीची मशीनं, सगळं एकदम घरघरतं. यंत्राला जिथे ठेवावं तिथे गळती ऐकू येते. साहेब म्हणाले, रात्री ऐकू. मी म्हटलं, रात्री लाइन कोरडी असते साहेब, पाणी सुटतं सकाळी साडेसहा ते आठ, आणि तेव्हाच ही सगळी मंडळी जोरात असतात. कोरड्या पाइपला काय ऐकायचं? त्याला काय आठवणी सांगायच्या असतात?

मग साहेब चिडले. महिनाअखेर जागा सापडली तर ठीक, नाहीतर एक मार्चला या टोकापासून त्या टोकापर्यंत गल्ली खोदून नवी लाइन टाकायची. पाच महिने रस्ता बंद. बर्फाची गाडी आत येणार नाही, गिरणीत धान्य येणार नाही, लाँड्रीत कोण गाठोडं घेऊन खड्ड्यावरून उड्या मारणार? पाच महिन्यांत ही गल्ली मरेल. आपलं नळसामानाचं दुकानही.

मी बोलून गेलो, "सकाळी वीस मिनिटं गल्ली गप्प करतो. मग ऐकू."

साहेब हसले. "तुमची गल्ली? एकाच वेळी? करून दाखवा. यंत्रसुद्धा नको, तुमच्या कानांवर माझा भरवसा आहे."

तर असं आहे. तू दोन दिवस येऊन जाशील का? काम मी करीन. तू नुसता सोबत उभा राहा. जुनी जोडी म्हणून लोकांना बरं वाटेल.

वहिनी विचारते आहे, तुझा खोकला कसा आहे.

दादा

९ फेब्रुवारी

धाकट्या,

उत्तर आलं नाही. इतक्यात येणारही नव्हतं.

पाच दिवस दारोदार हिंडतोय. आपल्या म्हाताऱ्या उस्तादांचं वाक्य आठवतं ना? "पाइप सरळ असतो रे, माणसं वाकडी घातलेली असतात." खड्डे खणणाऱ्या आपल्या दोघा भावांना त्यांनी हातात काठी देऊन पाइपातलं पाणी ऐकायला शिकवलं, पण माणसांचं मी आपलं आपणच शिकलो. माणूस काय म्हणतो ते ऐकायचं नसतं, तो कुठे थांबतो ते ऐकायचं.

गिरणीवाल्यापासून सुरुवात केली. त्याने मागच्या अंगणात स्वतःची विंधणविहीर पाडून घेतली आहे. तो म्हणाला, "मला नळाचं पाणी लागतच नाही. सकाळी गिरणी बंद ठेवली तर गिऱ्हाईक पुढच्या चौकात जाईल, आणि एकदा गेलेलं गिऱ्हाईक आणि गेलेला केस..." आणि टकलावरून हात फिरवला. पण रस्ता बंद होण्याचं काढलं तेव्हा थांबला. मग हळूच म्हणाला, "छापखानेवाला काय म्हणतो?"

त्या दोघांचं तू गेल्यानंतर फारच वाढलं. भिंतीला भिंत लागून, पण एकमेकांशी शब्द नाही. पिठाची धूळ उडून ओल्या शाईवर बसते, लग्नपत्रिकांवर नवरानवरी पांढरी होतात. छापखानेवाला बोलत नाही, छापतो. दर महिन्याला गिरणीच्या दारावर नवीन पत्रक. सध्याचं असं आहे: "पिठाला पाय नसतात, पण मालकाला लाज तरी असावी." चांगला ठळक टाइप वापरलाय. गिरणीवाला ते फाडत नाही. म्हणतो, गिऱ्हाईक वाचायला थांबतं, रांग लागल्यासारखी दिसते.

छापखानेवाल्याचं तर वेगळंच. त्याला गल्ली खोदलेलीच हवी आहे! घरमालक जागा विकायला निघालाय, आणि खोदलेल्या गल्लीतली जागा कोण घेणार? पाच महिने त्याला तेवढीच उसंत. "माझा विचार करा की," म्हणाला, "सगळी गल्ली वाचवताना मी एकटा बुडालो तर तुमच्या हिशेबात बसतो का?" काय उत्तर देणार? बसतो म्हटलं तर मी नालायक, बसत नाही म्हटलं तर खोटारडा.

बर्फवाली बाई तुला आठवते का? तिचा नवरा गेल्यापासून कारखाना तीच बघते. पाणी सगळ्यांत जास्त तिला हवं, आणि कॉम्प्रेसर बंद करायला सगळ्यांत जास्त ती घाबरते. "तो जुना आहे, दादा. चार वर्षांत मी तो थंड होऊ दिलेला नाही. बंद केला आणि परत उठलाच नाही तर? तुम्ही उठवाल?" मी म्हटलं, उठवीन. ती म्हणाली, "माझा नवराही असंच म्हणायचा, सगळ्याच बाबतीत."

आणि लाँड्रीच्या मावशी. त्यांच्याकडे गेलो तर त्यांनी आधी मला बसवलं, चहा दिला, आणि मी तोंड उघडायच्या आत विचारलं, "बाकीच्यांना काय सांगितलंत?"

मी प्रत्येकाला तेच सांगितलं होतं, जे आपण नेहमी सांगतो: बाकी सगळे तयार आहेत, तुमचंच अडलंय.

परवा जुन्या बाजारातून आलो. जोडेवाल्याच्या भिंतीवरची लाल फुली अजून तशीच आहे. पावसाने थोडी फिकी झालीय. आठ पावलांवरचा गोलही आहे. तेलाचा रंग चांगला घेतला होता आपण.

दादा

१४ फेब्रुवारी

धाकट्या,

आज पार्सल आलं. लांबट, जुन्या चादरीत गुंडाळलेलं. तुझ्या वहिनीने सुतळी कापायच्या आधीच ओळखलं. मी नंतर.

काठी तशीच आहे. मुठीजवळ उस्तादांच्या अंगठ्याने पडलेला खळगा आहे, त्याच्या खाली तुझा. माझा कधी पडलाच नाही. कानाला लावायच्या वाटीची कड तू नवीन बसवलेली दिसते. तेल लावत होतास. म्हणजे वापरत होतास. आत चिठ्ठी असेल म्हणून चादर तीनदा झटकली. नव्हती.

काठी पाठवलीस, कान पाठवला नाहीस.

बरं. इकडे माझं पितळ उघडं पडलं. मावशींनी काल सगळ्यांना लाँड्रीत बोलावलं. कपडे सुकवायच्या दोरीखाली, ओल्या चादरींच्या मध्ये, आम्ही सगळे. गिरणीवाला आणि छापखानेवाला यांच्यामध्ये मुद्दाम एक मोठी चादर ठेवली होती.

मावशी म्हणाल्या, "आता यांनी कुणाला काय सांगितलं ते प्रत्येकाने सांगायचं. मी सुरुवात करते. मला सांगितलं, गिरणीवाले हो म्हणाले."

गिरणीवाला म्हणाला, "मी? मला तर म्हणाले छापखाना बंद राहणार."

चादरीच्या पलीकडून आवाज आला, "मला म्हणाले बर्फवाल्या बाई तयार आहेत, तुम्ही पुरुषासारखे पुरुष आणि मागे राहता?"

बर्फवाली बाई म्हणाली, "मला म्हणाले मावशी तयार आहेत."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी इकडचा एक टॉवेल तिकडे सरकवला. दुसरं काय करणार.

मावशी म्हणाल्या, "म्हणजे कुणीच हो म्हटलेलं नाही आणि सगळे हो म्हणून बसलेत. छान. आता खरं बोला. प्रत्येकाला काय हवं?"

धाकट्या, मी तीस वर्षं लोकांना एकत्र आणतोय, पण हा प्रश्न मी कधी सगळ्यांच्या समोर विचारलेला नाही. एकेकट्याला विचारतो, म्हणजे उत्तरांची अदलाबदल करता येते.

दोन तास गेले. गिरणीवाल्याला पत्रक उतरवून हवं. छापखानेवाल्याला गिरणीच्या त्या बाजूच्या खिडकीला बारीक जाळी हवी, आणि जागा विकत घ्यायला कुणी बघायला आलं तर गल्लीतल्या प्रत्येकाने जागेबद्दल "खरं ते" सांगावं. गिरणीवाला म्हणाला, "खरं म्हणजे?" तो म्हणाला, "पिठाची धूळ, कॉम्प्रेसरची घरघर, भिंतीची ओल." सगळे तयार झाले. एवढं सोपं सत्य कुणी नाकारेल? बर्फवाल्या बाईला कॉम्प्रेसर उठला नाही तर बर्फ काढून वाटून घ्यायला वीस माणसं हवीत. वीस माणसं गल्लीतून कबूल झाली.

"आणि तुम्हाला काय हवं मावशी?" मी विचारलं.

"मला काही नको. तुम्हा सगळ्यांना एकदा गप्प झालेलं बघायचंय."

वीस तारीख ठरली. सकाळी सात ते सात वीस. वीस मिनिटांपुढे कॉम्प्रेसर बंद ठेवता येत नाही.

तू अजूनही येऊ शकतोस.

दादा

२० फेब्रुवारी

धाकट्या,

जमलं नाही.

म्हणजे गल्ली गप्प झाली. ते ऐकायला तू हवा होतास. आधी छापखाना थांबला, मग लाँड्री, मग गिरणीचा पट्टा फटफटत थांबला, आणि शेवटी कॉम्प्रेसर. तो थांबल्यावर कळलं की इतकी वर्षं आपण सगळे ओरडून बोलत होतो. कुठल्यातरी खिडकीतून कुणाचा तरी चमचा पडल्याचा आवाज आला आणि सगळ्यांनी एकदम तिकडे बघितलं.

मी काठी घेऊन पहिल्या व्हॉल्व्हवर बसलो. साहेब मागे उभे. आणि अर्ध्या मिनिटात साहेबच म्हणाले, "हे काय सगळीकडे सूं सूं?"

माणसं आमची! मशीनं बंद, हात मोकळे, पाणी सुटलेलं. मग काय करतील? गल्लीतल्या एकूण एक माणसाने नळ सोडून बादल्या लावल्या होत्या. बर्फवाल्या बाईने टाकी लावली, मावशींनी तीन हौद. ज्याला नळाचं पाणी लागत नाही म्हणाला त्या गिरणीवाल्यानेसुद्धा बायकोला पिंप लावायला सांगितलं, फुकट जातंय म्हणून. सगळी लाइन गात होती. त्यात गळती कुठली आणि बादली कुठली? वीस मिनिटं संपेपर्यंत मी दारोदार "नळ बंद करा" म्हणून ओरडत होतो आणि लोक "हो, एवढी भरू दे" म्हणत होते.

आता पुन्हा पंचवीसला. या वेळी नळही बंद. साहेबांनी सांगून टाकलं, ही शेवटची संधी. एक मार्चची माणसं आणि पहारी ठरल्या आहेत.

सगळे माझी समजूत काढत होते. "तुमचा काय दोष, कानवाले? आमचीच अक्कल." बर्फवाल्या बाईने तर हात जोडले. मी मान खाली घालून उभा होतो. त्यांना वाटलं, निराश झालोय.

खरं सांगू? मला हायसं वाटलं होतं. साहेब "सूं सूं" म्हणाले तोपर्यंत मी काठीला कान लावून बसलो होतो, आणि चाळीस नळ उघडे असताना मला काहीही ऐकू आलं नव्हतं.

माणसांचं ऐकू येतं मला. जाडा आवाज, खर्ज, दार आपटलेलं, सगळं येतं. बारीक जे असतं ते गेलं. पाण्याचं सूं गेलं. कधी गेलं ते नेमकं सांगता येत नाही, केस पांढरे व्हायची तारीख कुठे असते? इतकी वर्षं अंदाजाने चालवलं. ओल बघायची, गवत बघायचं, भिंतीचा पोपडा बघायचा, आणि काठीला कान लावून डोळे मिटायचे. लोकांना डोळे मिटलेले पटतात.

वहिनीला काल सांगितलं. ती म्हणाली, "मग मी चार वर्षं मोठ्याने का बोलते आहे?" मला वाटायचं, रागावलेली असते.

तुला तर तेव्हाच कळलं होतं ना? म्हणून तर नुसती काठी पाठवलीस.

दादा

२२ फेब्रुवारी

धाकट्या,

हे पत्र छोटं आहे. दुपारची वेळ आहे, दुकानात कुणी नाही, आणि मी आत्ता लिहिलं नाही तर ते शिवणाच्या डब्यात जाईल.

जुना बाजार. दोघांनी वेगवेगळं ऐकायचं, पटलं नाही तर थोरल्याचं चालायचं, आणि खोदताना जमिनीवरची खूण जाते म्हणून जवळच्या भिंतीवर लाल रंगाने ज्याची त्याची खूण करायची: गोल माझा, फुली तुझी. हा उस्तादांचा नियम. त्या दिवशी तू आठ पावलं पुढे खडूने फुली केली होतीस. मी ती बुटाने पुसली आणि जोडेवाल्याच्या भिंतीवर माझा गोल काढला. मला ऐकू आलं नव्हतं. मी ओल बघून सांगितलं होतं.

पहार चांगल्या पाइपात गेली. जोडेवाल्याचं तळघर भरलं, नवे कोरे जोडे जोडीजोडीने तरंगायला लागले. तू व्हॉल्व्ह बंद करायला धावलास. सगळे धावले. मी तेवढ्यात रॉकेलच्या बोळ्याने तो ओला गोल पुसला आणि तिथे फुली काढली.

आणि दुसऱ्या दिवशी आठ पावलांवर, तुझ्या जागेवर, मी गोल काढला. तिथे गळती निघाली. साहेब म्हणाले, "थोरला होता म्हणून वाचलो." कानवाले हे नाव मला त्या दिवसापासून पडलं. तुझं नाव पाणीखात्याच्या यादीतून गेलं.

तू फुली बघितलीस, मग माझ्याकडे बघितलंस, आणि काही बोलला नाहीस. मला वाटलं होतं, ओरडशील. ओरडला असतास तर मी भांडलो असतो, आणि भांडणात मी कुणाला हरत नाही. तू काठी उचललीस आणि गेलास.

मी सगळ्यांना सांगितलं, धाकटा रागीट आहे.

एवढंच.

२७ फेब्रुवारी

धाकट्या,

परवाचं सांगतो. नीट सांगतो, कारण वहिनी म्हणते तुम्ही शेवटाकडे आलात की घाई करता.

सातला सगळं थांबलं. या वेळी नळही बंद. मावशींनी घरोघरी जाऊन नळांवर फडकी बांधली होती, लाँड्रीच्या गाठीने. ती गाठ त्यांच्याशिवाय कुणाला सुटत नाही. पाणी आलंय हे माहीत असून गल्लीतली माणसं रिकाम्या बादल्या धरून दारात उभी होती. तुला सांगतो, आम्हा लोकांकडून याहून मोठा त्याग कुणी मागू नये.

मी पहिल्या व्हॉल्व्हवर बसलो. काठी लावली. डोळे मिटले. आत माझंच रक्त चालत होतं, धप धप. दुसऱ्यावर गेलो. धप धप. चार मिनिटं झाली. छापखानेवाल्याच्या दाराशी ओल होती. तिथे बोट दाखवायचा विचार मनात येऊन गेला, खोटं कशाला बोलू. सवय आहे. मग बर्फवाली बाई दिसली. ती घड्याळाकडे बघत नव्हती, कारखान्याच्या दाराकडे बघत होती, आत कुणी आजारी असावं तशी.

मी उठलो आणि म्हणालो, "मला ऐकू येत नाही."

साहेब म्हणाले, "म्हणजे इथे गळती नाही?"

"इथलं नाही साहेब. मला. मला बारीक ऐकूच येत नाही. दहा वर्षं होत आली."

गल्ली आधीच गप्प होती, त्यामुळे शेवटच्या घरापर्यंत गेलं.

गिरणीवाला पहिला भडकला. "मग आम्ही इथे काय तुमच्या कानांची आरास बघायला उभे आहोत? पंधरा दिवस झुलवताय! माणसं आहात की..."

"भांडायला अख्खा दिवस पडलाय," छापखानेवाला म्हणाला. अकरा वर्षांत मध्ये चादर नसताना तो गिरणीवाल्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य असावं. "बाईंचा बर्फ वितळतोय. कानवाले, काय ऐकायचं असतं ते आम्हाला सांगा."

हे मला सुचलं नव्हतं. सुचायला हवं होतं. तू असतास तर तुला सुचलं असतं.

मी सांगितलं: ज्याने त्याने आपापल्या नळाशी जा. स्क्रू-ड्रायव्हर घ्या, लाटणं घ्या, काहीही कडक घ्या. एक टोक नळाला, दुसरं कानामागच्या हाडाला. डोळे मिटा. आत सूं असं येतं का बघा. बोलू नका. मी दारावरून जाईन, बोटांनी दाखवा. अजिबात नाही तर मूठ, खूप असेल तर पाच.

आणि मी चालत गेलो. धाकट्या, असलं दृश्य मी जन्मात बघितलेलं नाही. म्हातारे, बायका, रात्रपाळी करून आलेले, शाळेच्या कपड्यांतली पोरं, सगळी नळाशी गुडघे टेकून. कुणाच्या हातात पळी, कुणाच्या हातात छत्रीची काडी. मी दारात आलो की हात वर. मूठ. मूठ. एक. एक. लाँड्री, दोन. बर्फाचा कारखाना, दोन. पुढे तीन. गिरणीवाला डोळे घट्ट मिटून, चार. छापखानेवाला, चार. त्याच्या पुढे तीन, दोन, एक, मूठ.

गिरणी आणि छापखाना. त्यांच्या सामाईक भिंतीसमोर. दुसरीकडे कुठे असणार म्हणा.

दोघे बाहेर आले. "माझ्याकडे जास्त येतंय." "तुमच्याकडे? मी चार दाखवले." "मीही चारच दाखवले, पण माझे चार मोठे होते." मावशींनी माझ्या हातातून काठी घेतली. "दोघे गप्प. भिंतीपलीकडून नवऱ्याच्या पोटातली गुरगुर ओळखलीय मी." आणि रस्त्यावर पाऊल पाऊल काठी टेकवत गेल्या. एका जागी थांबल्या. मागे गेल्या. परत आल्या. चेहरा असा झाला, जसा तुझा व्हायचा.

"इथे," म्हणाल्या. "कुणीतरी दात ओठांवर दाबून श्वास घेतंय तसं."

साहेबांनी खडू पुढे केला, माझ्याकडे. मी तो मावशींना दिला. त्यांनी विचारलं, खूण कसली करायची? म्हटलं, तुमची. त्यांनी लाँड्रीच्या कपड्यांवर घालतात तसली खूण घातली, दोन रेघा आणि एक टिंब. भिंतीवरही तीच आहे.

सात वीसला कॉम्प्रेसरचं बटण दाबलं. उठला नाही. दुसऱ्यांदा दाबलं. नाही. वीस माणसं बाह्या सरसावून उभी होती. तिसऱ्यांदा तो खोकला, थरथरला आणि चालू झाला. बाईने त्याला अशी एक शिवी दिली की साहेबांनी वहीत डोकं घातलं.

दुपारी खणलं. सांध्याशी भोक होतं, अंगठ्याएवढं. काल सकाळी शेवटच्या घरी करंगळीएवढं पाणी आलं. गल्ली खोदणार नाहीत.

एकी वगैरे झाली असं समजू नकोस. संध्याकाळपर्यंत छापखानेवाल्याचं नवीन पत्रक लागलं: "जाळी कुठे आहे?" गिरणीवाला माझ्याशी बोलत नाही. साहेबांनी यादीतून माझं नाव काढलं. जुन्या बाजाराचंही मी त्यांना सांगितलं. त्यांनी तुझा पत्ता लिहून घेतला. मी दमलोय रे. झोप येत नाही असं नाही, झोप येते. उठल्यावर दमलेला असतो.

आज सकाळी लाल रंगाचा डबा घेऊन जुन्या बाजारात गेलो. आधी आठ पावलांवरचा गोल खरवडला आणि तिथे फुली काढली. मग जोडेवाल्याच्या भिंतीवरची फुली खरवडून गोल काढला. गोल जरा वाकडा आलाय. जोडेवाला बाहेर आला. म्हणाला, हे काय चाललंय? मी सांगितलं. सगळं. भर बाजारात, आणि मला मोठ्यानेच बोलता येतं.

तो म्हणाला, "नऊ वर्षं मी त्या पोराला शिव्या देतोय. आता त्या परत कशा घेऊ?"

तो आत गेला, परत आला, आणि म्हणाला, "त्याच्या पायाचं माप काय?"

ते मला सांगता आलं नाही. लहानपणी आपल्या दोघांत एकच जोडा होता, मी घालायचो आणि तू मागून यायचास. त्यापलीकडे मला तुझ्या पायांबद्दल काही माहीत नाही.

काठी याच पार्सलात परत पाठवतोय. कड तू बसवलेलीच आहे, तेल मी लावलं. मावशींनी मागितली होती. मी म्हटलं, ती दुसऱ्याची आहे.

माप कळव. जोडेवाला थांबला आहे. पत्राने नको वाटलं तर येऊन दे.

दादा